मारोतरावांचा सरळ काटा

१९८६च्या मार्चमधली गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मारोतराव ढोक यांनी प्राणिशास्त्र विभागातल्या सगळ्यात चांगल्या मायक्रोस्कोपची लेन्स काढली आणि ती स्वच्छ व्हावी म्हणून स्पिरिटच्या वाटीत टाकून ठेवली. बाहेरून येणारे परीक्षक फार टापटिपीचे आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी लेन्स चकचकीत झाली होती. परीक्षकांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि स्वतःचेच डोळे तपासून घ्यायचं मनाशी ठरवून सगळ्या मुलांना पास करून टाकलं.

अशी लेन्स म्हणजे एकच काच नसते. चार-पाच काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. स्पिरिटनं तो डिंक विरघळला होता आणि काचा केसभर इकडेतिकडे सरकल्या होत्या. आता तिच्यातून पाहिलेल्या प्रत्येक गोल वस्तूला उजवीकडे धुरकट शेपूट फुटायचं. मारोतराव त्याच दुपारी विभागात सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मीच केलं जी. वाटीबी मीच घरून आणली होती."

त्यांच्या प्रामाणिकपणाचं सगळ्यांनी कौतुक केलं. लेन्स मात्र तशीच राहिली. नवी मागवायची तर परदेशातून, म्हणजे परवाने आले. अर्ज तीन प्रतींत गेला, तो गेलाच.

या सगळ्यात खरी पंचाईत झाली ती प्रा. उत्तरा भोयर यांची. कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातली ही बाई त्याच महिन्यात नागपूरच्या या कॉलेजात रुजू झाली होती. तिच्या पीएच.डी.चा विषय होता रामटेकच्या पायथ्याशी असलेली एक बोडी. बोडी म्हणजे भाताच्या शेतांना पाणी पुरवणारं लहानसं तळं. त्या बोडीत रोटिफर नावाचे प्राणी होते, खसखशीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी लहान, पुढे दोन शिंगं आणि मागे एक काटा असलेले. ऋतूप्रमाणे या प्राण्यांचा आकार कसा बदलतो, हे तिला वर्षभर शेकडो फोटो काढून पाहायचं होतं. कॅमेरा बसायचा तो त्याच एका मायक्रोस्कोपवर. मुलांच्या मायक्रोस्कोपमधून तिचे प्राणी नुसते ठिपके दिसत, आणि या मायक्रोस्कोपमधून पाहिले की रॉकेलच्या दिव्यासारखे धूर सोडत.

तिनं वर्षभर तसेच फोटो काढले. दुसरं करणार काय?

मग कॉलेजात कॉम्प्युटर आला. गणिताचे प्राध्यापक भैयाजी खडतकर यांच्या ताब्यात तो देण्यात आला, कारण त्याला घाबरत नाही असा दुसरा माणूस स्टाफमध्ये नव्हता. भैयाजी पन्नाशीचे, अविवाहित, पानाचे शौकीन. कॉम्प्युटरसाठी त्यांनी पान सोडलं होतं. एकदा स्टाफरूममध्ये उत्तराबाईंनी आपलं रडगाणं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लेन्स कशाले दुरुस्त करता? फोटो दुरुस्त करू."

"फोटो कसा दुरुस्त होईल, सर?"

"मशीनले शिकवू. एक लेख वाचला मी. मशीनले नियम सांगाचेच नाही. बिघडलेलं चित्र दाखवाचं, अन् त्याच्या बाजूले बरोबर चित्र ठेवाचं. मशीन अंदाज करते, चुकते. किती चुकलं थे आपण सांगतो. मग थे आपल्या पोटातले आकडे थोडे इकडचे तिकडे सरकवते अन् पुन्हा करून पाहते. असं हजारदा. शेवटी त्याले समजते, या लेन्सीतून असं दिसलं म्हणजे खरं तसं असते."

मारोतराव कपबशा गोळा करत होते. ते थांबले. "म्हणजे माह्यासारखं. मले बापूजी साहेबांनी चित्र काढणं असंच शिकवलं. चुकलं की हाणत."

"आपण हाणाचं नाही," भैयाजी म्हणाले. "बाकी तेच."

मारोतराव पदानं प्रयोगशाळा सहायक होते, पण विभागात त्यांची ओळख चित्रकार म्हणून होती. बेडकाच्या आतड्यापासून गांडुळाच्या मज्जारज्जूपर्यंत भिंतीवरचे सगळे तक्ते त्यांच्या हातचे. जुने विभागप्रमुख बापूजी साहेब यांनी त्यांना घडवलं होतं. बापूजी साहेब वारून सहा वर्षं झाली होती, तरी मारोतराव त्यांच्या खुर्चीवर कोणाला छत्री ठेवू देत नसत.

पहिला प्रयोग भैयाजींनी आलेखाच्या कागदावर केला. आलेखाचे चौकोन कसे असतात हे तर माहीतच आहे, तेव्हा बिघडलेला फोटो आणि बरोबर चित्र दोन्ही सहज मिळाली. मशीन चार दिवसांत शिकलं. मग त्याला उत्तराबाईंचा रोटिफर दाखवला, तर पडद्यावर खिडकीची जाळी आली.

"याले जगात फक्त चौकोनच माहीत आहेत," भैयाजी म्हणाले. "याले जिवंत काहीतरी दाखवा लागते. पण बिघडलेलं अन् बरोबर, दोन्ही एकाच प्राण्याचं पाहिजे. बरोबर आणू कुठून?"

यावर तोडगा काढला तो मारोतरावांनी. बापूजी साहेब पंचवीस वर्षं त्याच बोडीचं पाणी आणत. त्यांनी काचपट्ट्यांवर कायमचे चिकटवून ठेवलेले चाळीस रोटिफर कपाटात होते, आणि त्या प्रत्येकाचं, लेन्स चांगली असतानाचं, मारोतरावांनी काढलेलं चित्रही होतं. काचपट्टीचा आजचा फोटो म्हणजे बिघडलेलं, मारोतरावांचं चित्र म्हणजे बरोबर. भैयाजींनी आनंदानं मांडीवर थाप मारली आणि सवयीनं खिशात पानाचा डबा चाचपला.

आता एवढी चित्रं मशीनच्या पोटात घालायची, तीही आलेखासारखीच हातानं. भैयाजींनी पारदर्शक कागदावर बत्तीस आडवे, बत्तीस उभे चौकोन आखले. तो कागद चित्रावर ठेवायचा आणि एकेका चौकोनात किती काळं आहे हे बघून शून्य ते नऊ असा आकडा द्यायचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. एका चित्राचे एक हजार चोवीस आकडे. चित्रं ऐंशी.

हे काम मे महिन्यात सुरू झालं. बाहेर पारा सेहेचाळीसवर होता आणि सबंध कॉलेजात एकच एसी होता, तो कॉम्प्युटरच्या खोलीत. माणसांसाठी तो नव्हताच. मशीन तापू नये म्हणून सरकारनं दिलेला. त्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. पहिल्या दिवशी दाराशी तीन जोड होते. आठवड्याभरात सतरा झाले. इतिहासाचे प्राध्यापक आले आणि म्हणाले की विज्ञानाला हातभार लावणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. संस्कृतच्या बाई स्वेटर विणायचं सामान घेऊन आल्या, कारण तिथं बसून स्वेटरची खरीच गरज भासायला लागली होती. प्राचार्य रुपराव गावंडे रोज साडेबाराला 'प्रगती पाहायला' येत आणि चारपर्यंत प्रगती पाहत.

"सात, सात, आठ, नऊ, नऊ, दोन," इतिहासाचे प्राध्यापक खणखणीत आवाजात वाचत.

"सर, मघाशी तुम्ही याच रंगाले पाच म्हणलं," भैयाजी टाइप करता करता म्हणत.

"मघाशी जेवलो नव्हतो."

शेवटी काळेपणा ठरवायचं काम एकट्या मारोतरावांकडे सोपवलं आणि बाकीच्यांनी पाळीपाळीनं ते मोठ्यानं म्हणायचं, असं ठरलं. त्याची काहीच गरज नव्हती. पण मे महिना होता.

एक्क्याऐंशी हजार नऊशे वीस आकडे टाइप झाले तेव्हा मृग लागला होता. चपलांचे जोड पुन्हा तीनवर आले. मशीन तीन आठवडे शिकत राहिलं. जुलैच्या एका दुपारी भैयाजींनी उत्तराबाईंना बोलावलं आणि त्यांचा मागच्या पावसाळ्यातला एक फोटो आत घातला. फोटोत धुरकट शेपटीचा डाग होता. पडद्यावर आला तो रेखीव रोटिफर: दोन शिंगं, गोल अंग, आणि मागे अगदी मधोमध, ओळंब्यात धरल्यासारखा सरळ काटा.

उत्तराबाईंनी डोळ्याला पदर लावला. मारोतराव पडद्याकडे पाहत म्हणाले, "हुबेहूब माह्या हातचं आहे."

पुढच्या दोन महिन्यांत दोनशे फोटो सरळ झाले. उत्तराबाईंनी निबंध लिहिला. तो डिसेंबरात कलकत्त्याच्या एका परिषदेत वाचायचा होता. लेन्स बिघडली तरी काम थांबत नाही, मशीन शिकू शकतं, आणि रामटेकच्या बोडीतल्या रोटिफरचा काटा बारा महिने सरळच असतो, अशा तीन गोष्टी त्यात होत्या. निबंध पोस्टात पडला.

सप्टेंबरच्या शेवटी प्राचार्य गावंडे खिशातून एक पाकीट काढत कॉम्प्युटरच्या खोलीत आले. पाकिटात त्यांचा फोटो होता. पासपोर्टसाठी काढलेला, पण फोटोग्राफरचा हात हलल्यामुळे जरासा पुसट आलेला.

"तुमचं मशीन पुसट फोटो साफ करते म्हणतात," ते म्हणाले. "हा करून पाहा."

"सर, हे मशीन प्राण्यांसाठी आहे," भैयाजी म्हणाले.

"मग मी कोण आहो?"

मारोतरावांनी आकडे सांगितले, भैयाजींनी टाइप केले, मशीननं विचार केला. हळूहळू पडद्यावर प्राचार्य उमटले. डोक्यावर दोन शिंगं, गोल अंग, आणि टायच्या जागी खाली गेलेला एक सरळ काटा.

प्राचार्यांनी मान तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला करून पाहिलं.

"चेहरा साफ आला," ते म्हणाले. "पण पासपोर्टवाले घेतीन असं वाटत नाही." आणि पाकीट खिशात घालून निघून गेले.

भैयाजी हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होते. उत्तराबाई मात्र पडद्याजवळ सरकल्या होत्या.

"सर, हसू नका. यानं प्राचार्यांचासुद्धा रोटिफर केला."

"हो नं. त्याले दुसरं येतेच काय?"

"तेच म्हणते मी. माझ्या दोनशे फोटोंचे रोटिफर ह्यानं पाहून काढले, की पाठ होते म्हणून काढले?"

भैयाजींचं हसू थांबलं. त्यांनी पडद्यावरच्या प्राचार्यांकडे पाहिलं. "एकदा खऱ्या लेन्सीतून पाहा लागते, मॅडम," ते म्हणाले.

धरमपेठेत डॉ. प्रेमलता यांची पॅथॉलॉजी लॅब होती. प्रेमलता आणि उत्तरा शाळेपासूनच्या मैत्रिणी. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराबाई बोडीच्या पाण्याची बाटली घेऊन तिथे पोचल्या. टेबलावर रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"कोणाचं आहे वं हे?" प्रेमलतानं बाटली उजेडात धरून विचारलं. "हिरवं काहून आहे?"

"बोडीचं आहे. तुझ्या मायक्रोस्कोपमधून पाहायचं आहे. दहा मिनिटं दे फक्त."

उत्तराबाईंनी थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि दहाच्या जागी चाळीस मिनिटं तिथून हलल्या नाहीत. प्राणी स्वच्छ दिसत होते. शिंगं दोन, अंग गोल. काटा मात्र प्रत्येकाचा डावीकडे वळलेला, बैलाच्या शेपटीनं माशी हाकलावी तसा. त्यांनी तेवीस प्राणी मोजले. सरळ एकही नव्हता.

त्यांनी रिक्षा केली आणि तडक कॉलेज गाठलं. मारोतराव प्रयोगशाळेत बेसिन घासत होते.

"मारोतराव, एक विचारू? त्या बोडीतल्या रोटिफरचा काटा कसा असतो?"

मारोतरावांनी नळ बंद केला. हात पुसले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"वाकडा असते जी. डावीकडं."

"सगळ्यांचा?"

"मी पाह्यले तेवढ्या समद्यायचा."

"आणि चित्रात?"

"चित्रात सरळ काढला."

उत्तराबाई स्टुलावर बसल्या. "काहून?"

मारोतराव कपाटापाशी गेले आणि सगळ्यात खालून एक पिवळा कागद घेऊन आले. त्यांचं पहिलं चित्र, १९५९ सालचं. त्यात रोटिफरचा काटा डावीकडे वळलेला होता, आणि त्यावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारून कोपऱ्यात लिहिलेलं होतं: 'हात सरळ ठेव.'

"बापूजी साहेबांना वाटलं माहा हात वळला," मारोतराव म्हणाले. "त्यायच्या पुस्तकात सरळ होता. मी नवा होतो. एवढा मोठा माणूस सांगून राहिला तं आपलंच चुकलं असन, असं वाटलं. मग जो आला त्याले सरळ करत गेलो. पुढं तं सवयच झाली. सरळ दिसतेबी चांगलं."

"अठ्ठावीस वर्षं?"

"हो जी. सुरुवातीले वाईट वाटे. वाटे, या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

उत्तराबाईंना रागावायचं होतं. पण त्या पिवळ्या कागदाकडे पाहून त्यांना रागावता येईना. चाळीस चित्रं, चाळीस सरळ काटे. मशीन बिचारं अगदी मन लावून शिकलं होतं. ज्यानं शिकवलं त्याच्या हाताचं वळण त्यानं उचललं होतं. भैयाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपलं मशीन बापूजी साहेबांना घाबरून राहिलं."

आधी निबंध थांबवायला हवा होता. उत्तराबाई तारघरात गेल्या आणि मजकूर लिहून दिला: प्राणी वाकडे निघाले, निबंध मागे घेत आहे, क्षमस्व. खिडकीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, घरी सगळे ठीक आहेत ना?"

प्राचार्यांना सांगणं जास्त कठीण गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "परिषदेत कोणाले कळलं असतं का?" त्यांनी विचारलं.

"नसतं कळलं, सर."

"मग?"

"मला कळलं आहे ना."

प्राचार्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "बरं," ते म्हणाले. "पुन्हा करा. पण एसीचं बिल लय आलं, मे महिन्यापर्यंत लावू नका म्हणावं भैयाजीले."

पुन्हा करणं म्हणजे त्याच काचपट्ट्यांवरून चाळीस चित्रं पुन्हा काढणं. प्रेमलतानं सकाळी सात ते नऊ, रुग्ण येण्याआधी, आपला मायक्रोस्कोप देऊ केला. मारोतराव रोज महाल भागातल्या घरून सायकलनं धरमपेठेत जाऊ लागले. पहिल्या दिवशी ते तासभर नुसते बसून राहिले. पेन्सिल कागदावर टेकली की काटा सरळच उतरत होता. डोळ्याला वाकडा दिसे आणि हात ऐकत नसे. प्रेमलतानं चहा आणून ठेवला. तो निवला.

"हाताले समजावा लागते, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "लय वर्षांचा हात आहे."

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल डाव्या हातात धरली. डाव्या हाताला बापूजी साहेबांनी काही शिकवलेलं नव्हतं. रेघ थरथरली, पण वळली. पुढची सगळी चित्रं त्यांनी तशीच काढली: अंग आणि शिंगं उजव्या हातानं, काटा डाव्या हातानं.

या वेळी उत्तराबाईंनी एक काळजी घेतली. चाळिसातले तीस प्राणी मशीनला दाखवले आणि दहा कुलपात ठेवले. शिकून झाल्यावर त्या दहांचे फक्त बिघडलेले फोटो मशीनपुढे ठेवले. नऊ काटे जिथे हवे तिथे वळले. दहावा काटा चित्राशी जुळेना. भैयाजी निराश झाले, पण मारोतरावांनी आपलं चित्र पुढे केलं आणि म्हणाले, "याचा काटा तुटलेला आहे जी. खुंटच राहिला आहे. त्या पोराले काय माहीत?" ते मशीनला आता पोर म्हणू लागले होते. भैयाजींनी वहीत लिहून ठेवलं की तुटलेलं काही दाखवलं की मशीन मनचं भरते, सांभाळून राहावं.

मग दोनशे फोटो पुन्हा आत गेले. बोडीतला काटा उन्हाळ्यात थोडा आणि पावसाळ्यात जास्त वळतो, हे बाहेर आलं. हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. उत्तराबाईंनी नवा निबंध लिहिला आणि त्यात आधीची चूकही लिहिली, मारोतरावांच्या परवानगीनं आणि त्यांच्या पिवळ्या कागदाच्या फोटोसकट.

निबंध पाठवण्याआधी त्यांनी मारोतरावांना बोलावलं. "हा प्राणी नवीन प्रकारचा ठरला तर त्याला नाव देता येतं. मी तुमचं नाव देणार आहे."

मारोतरावांनी बराच विचार केला. "वाकड्या जीवाले?"

"हो."

"थे बराबर नाही वाटत, मॅडम. लोक म्हणतीन, ढोकाचं काहीतरी वाकडं होतं."

तरी घरी त्यांनी बायकोला, जिजाबाईंना, सांगितलं. जिजाबाईंनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं. प्राणी केवढा, असं शेजारणीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रामटेककडचा आहे, म्हणजे असन चांगला मोठा."

तीन महिन्यांनी कलकत्त्याच्या तज्ज्ञांचं पत्र आलं. काम उत्तम आहे, मशीनची कल्पना फार आवडली, छापतो. पण एका बोडीतल्या प्राण्यांचा काटा वळला एवढ्यावरून वेगळं नाव देता येणार नाही, आणखी तळी पाहावीत. मारोतरावांना हायसं वाटलं. ते घरी गेले आणि जिजाबाईंना म्हणाले, "नाव नाही देत म्हणतात. गल्लीत सांगून टाक."

जिजाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी तळी पाहाले सांगतलं नं त्यायनं? मग पाहा. उमरेडकडं गंज आहेत, पाहाल तेवढी."

पुढच्या रविवारी सकाळी मारोतराव, उत्तराबाई आणि भैयाजी सहा रिकाम्या बाटल्या घेऊन उमरेडच्या बसमध्ये बसले होते. भैयाजींनी वाटेत खायला पान घेतलं होतं.